दाजींची गाडी: ६७ लाख ३८ हजारांचं कोटेशन ६१ लाख ४१ हजारांवर कसं आलं

डिसेंबर २०२४ मधलं प्रकरण आहे. आमचे दाजी, म्हणजे थोरल्या ताईचे मिस्टर, सांगलीकडचे. द्राक्षबाग आहे, बेदाण्याचा व्यापार आहे, आणि सौद्यात माणूस असा तयार की दर पाडून घेतल्यावर समोरचाच यांना चहा पाजून जातो. त्यांना मोठी गाडी घ्यायची होती. मोठी म्हणजे लांबीने नाही, पुढच्या बिल्ल्याने. ताईला गुडघ्यांमुळे उंच सीट पाहिजे, दाजींना डिझेलच पाहिजे, पोरीला सनरूफ, असं करत करत सगळे एका युरोपियन कंपनीच्या क्रॉसओव्हरवर येऊन थांबले. २ लिटर डिझेल, एक्स शोरूम ५४ लाख. ब्रँड आणि शोरूमचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण माझं भांडण कुणाशी नाही आणि हा असा कागद बऱ्याच ठिकाणी हातात पडतो.

मी पुण्यात अकाउंट्समध्ये, म्हणून मला फोन आला. "पाव्हणं, आकडं तू बघ, बोलायचं मी बघतो." शोरूममध्ये गेल्यावर झालं उलटंच.

मार्केट यार्डात आवाज चढवणारा माणूस त्या काचेच्या शोरूममध्ये शिरला आणि एकदम सासुरवाडीला आल्यासारखा वागायला लागला. कॉफी आली, थँक्यू. बिस्किट आलं, थँक्यू. सेल्सचा पोरगा इतका गोड बोलत होता की त्याला कमी करा म्हणणंच वाईट दिसेल असं वाटावं, आणि माझ्या मते त्या कॉफीचा अर्धा उपयोग हाच असतो. त्यात आमच्याकडून पहिल्या दहा मिनिटांत दोन चुका झाल्या. एक म्हणजे ताईने निळी गाडी बघून सगळ्यांसमोर "अगंबाई, हीच!" असं जाहीर केलं. झालं, तिथून पुढे तो पोरगा दर दोन वाक्यांनी "सर, ब्लूमध्ये एकच पीस आहे" म्हणत राहिला. दुसरी चूक दाजींची. ऐट म्हणून बोलून गेले, "पैसे तयार हायत, लोनबिन काय नको, म्हणाल तर कॅश." आता कॅशचं म्हणाल तर आयकराच्या नियमामुळे २ लाख किंवा त्यावर रोख कुणाला घेताच येत नाही. पण खरी गोम वेगळी आहे. आपल्याला वाटतं रोकडा देणाऱ्याला जास्त सूट मिळेल, किराणा दुकानात मिळतेही, पण गाडीच्या शोरूमला बँकेकडून लोनमागे कमिशन मिळतं. लोन नको म्हटलं की त्यांचं एक उत्पन्न गेलं, मग ते सूट कशाला वाढवतील? हे पत्ते शेवटपर्यंत पालथे ठेवायचे असतात, आम्ही ते कॉफीच्या आधीच उलटे करून दाखवले.

मग कोटेशन आलं. जाड, गुळगुळीत कागद, वर गाडीचा फोटो. एक्स शोरूम ५४,००,०००. आरटीओ ८,१०,०००. रजिस्ट्रेशन व इतर १८,५००. टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने आपल्याकडून आगाऊ घेऊन सरकारला भरायचा आयकर, ५४,०००. इन्शुरन्स २,३८,०००. एक्स्टेंडेड वॉरंटी आणि सर्व्हिस पॅक १,८५,०००. 'एसेन्शियल किट' ६२,०००. सिरॅमिक कोटिंग ९५,०००. लॉजिस्टिक्स अँड हँडलिंग २५,०००. फास्टॅग ५००. बेरीज ६८,८८,०००. आणि खाली मोठ्या लाल अक्षरांत इयर एंड बेनिफिट १,५०,००० वजा, म्हणजे ६७,३८,०००.

दाजी बाहेर येऊन गाडीत बसले आणि म्हणाले, "दीड लाख तर न बोलताच सोडलं की लेका त्यांनी, अजून लाखभर तोडू आणि उरकू." इथेच आमचं पहिलं भांडण झालं. माझं म्हणणं होतं की तो लाल आकडा आपण बघावा म्हणूनच लाल आहे. आपण त्याच्याशी झुंजत बसणार, दीडचे अडीच केले की जिंकल्यासारखं वाटणार, आणि वरच्या नऊ ओळींकडे कुणी बघणारच नाही.

रात्री घरी बसून एकेक ओळ काढली. आरटीओत काही करता येत नाही, महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या २० लाखांवरच्या डिझेल गाडीला १५ टक्के, पेट्रोलला १३ टक्के. दाजींच्या सीएने मध्येच सुचवलं होतं की प्रायव्हेट लिमिटेडच्या नावावर घ्या, घसारा मिळेल, म्हणजे टॅक्स वाचेल. पण कंपनीच्या नावावर टॅक्स २० टक्के, म्हणजे सरळ २ लाख ७० हजार जास्त, आणि अशा गाडीवर जीएसटीचं क्रेडिट तसंही मिळत नाही, तर तो विषय तिथेच संपला. टीसीएस १ टक्का दिसायला खर्च दिसतो पण तो खर्च नाही, १० लाखांवरच्या गाडीवर घेतात, आयकर खात्याकडच्या आपल्या नोंदीत दिसतो आणि रिटर्न भरताना आपल्या टॅक्समधून वजा होतो. बरेच लोक तो विसरून जातात हे मात्र खरं.

पण "रजिस्ट्रेशन व इतर १८,५००"? रजिस्ट्रेशनची सरकारी फी ६०० रुपये, लोनचा बोजा चढवायचे १,५००, स्मार्ट कार्डचे २००. झाले २,३००. मग 'इतर' म्हणजे काय तर सोळा हजार. आणि हँडलिंग! गाडी कंपनीतून शोरूमपर्यंत आणण्याचे पैसे म्हणे. आम्ही काय गाडी कारखान्याच्या दारात मागितली होती का? एक्स शोरूमचा अर्थच शोरूमच्या दारात मिळणारी किंमत असा आहे.

इथे थोडं विषयांतर करतो. सगळीकडे गाडीच्या किमतीवर घासाघीस होतेच असं नाही. मर्सिडीजने ऑक्टोबर २०२१ पासून भारतात थेट विक्रीची पद्धत आणली, देशभर एकच किंमत, बिल कंपनीच करते आणि डीलरला कमिशन मिळतं. तिथे "शेजारच्या शोरूमने अमुक सांगितलं" ही आपली सगळ्यात आवडती थाप चालत नाही, बोलायचं ते एक्स्चेंज, इन्शुरन्स, पॅकेज यावरच. आणि किमतीवर बोलायचंच असेल तर औरंगाबादकरांसारखं बोलावं. ऑक्टोबर २०१० मध्ये तिथल्या उद्योजकांनी एकत्र येऊन एका दमात १५० मर्सिडीज उचलल्या, ६५ कोटींच्या घरातला सौदा, स्टेट बँकेने ७ टक्क्यांनी कर्ज दिलं. एकट्याने ५४ लाखांची एक गाडी घेणाऱ्याचं वजन शोरूममध्ये किती, हे त्यापुढे कळतं. आमची कंपनी जुन्या पद्धतीची होती, म्हणजे गाडी आधी डीलर विकत घेतो आणि मग आपल्याला विकतो. पुढे हेच उपयोगी पडलं.

तर आम्ही ठरवलं की हा एक सौदा नाही, चार आहेत. नवी गाडी, जुनी गाडी, इन्शुरन्स, लोन. शोरूमला चारही एकाच भांड्यात शिजवायचे असतात, इथे पाच हजार दिले की तिथे वीस काढले. आपण चार चुली वेगळ्या मांडायच्या.

जुनी गाडी पहिल्यांदा. मार्च २०१९ ची डिझेल सात सीटर, ९६ हजार किलोमीटर, एमएच १० पासिंग, दाजींनी पोटच्या पोरासारखी जपलेली. शोरूमवाल्याने टायर बघून, बोनेट उघडून, एका दरवाज्यावर बोट फिरवून चेहरा पाडला आणि ९,२५,००० लिहिले, वर एक लाख एक्स्चेंज बोनस, म्हणजे १०,२५,०००. ॲपवाले घरी येऊन १०,८०,००० बोलले. कोल्हापूरच्या जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याने ११,६०,००० सांगितले. शेवटी गेली ती ताईच्या जावेच्या माहेरी, १२,१०,००० ला, कारण त्यांना गाडीचा सगळा इतिहास माहीत होता. बोनसवर पाणी सोडूनही शोरूमपेक्षा १,८५,००० जास्त. नात्यात गाडी विकू नये म्हणतात, बिघडली की लग्नकार्यात ऐकून घ्यावं लागतं, ते खरंय, पण पावणेदोन लाखांत मी कितीतरी लग्नांत ऐकून घेईन.

जुनी गाडी आधी विकण्याचा दुसरा फायदा इन्शुरन्समध्ये. पाच वर्षं एकही क्लेम नाही, म्हणजे ५० टक्के नो क्लेम बोनस (एनसीबी). हा बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. जुन्या कंपनीकडून एनसीबीचं पत्र घेतलं की नव्या गाडीच्या ओन डॅमेज, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या विम्याच्या, प्रीमियमवर तो सूट म्हणून लागतो. शोरूमच्या २,३८,००० मध्ये एनसीबी शून्य धरला होता, कुणी विचारलंच नव्हतं आणि त्यांनीही सांगितलं नव्हतं. नव्या गाडीला थर्ड पार्टी तीन वर्षांची घ्यावीच लागते, १५०० सीसीवरच्या गाडीला तेव्हा त्याचा दर २४,५९६ अधिक जीएसटी, तो सरकारने ठरवलेला, सगळीकडे सारखा. खेळ असतो तो ओन डॅमेजमध्ये आणि ॲड ऑनमध्ये, म्हणजे वरून घ्यायच्या जादा संरक्षणात. मी बाहेरून तेवढ्याच आयडीव्हीचं (गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण मोडली तर मिळणाऱ्या रकमेचं) कोट काढलं, ५१,३०,०००, झिरो डेप, रिटर्न टू इनव्हॉइस, इंजिन प्रोटेक्ट सगळं धरून आलं १,५१,०००. इथे एक सांगतो, कोट आयडीव्ही न बघता कधी ताडून बघू नका, आयडीव्ही चार लाखांनी पाडून प्रीमियम स्वस्त दाखवणं ही फार जुनी ट्रिक आहे. शोरूमला तो कागद दाखवला. "सर, बाहेरची पॉलिसी घेतली तर क्लेमच्या वेळी कॅशलेसला त्रास होतो." मी म्हटलं, हे जरा मेलवर लिहून द्या. मेल काही आला नाही, दुसऱ्या दिवशी १,५४,००० चा नवा आकडा आला. तीन हजार जास्त होते तरी तिथूनच घेतली, उद्या काही ठोकलं तर धावपळ त्यांची. घासाघीस प्रत्येक रुपयासाठी करायची नसते, निदान मला तरी जमत नाही.

लोनचं पटकन सांगतो. दाजींना मी समजावलं की ३० लाखांचं लोन घ्या, पैसा धंद्यात फिरू दे. शोरूमचा दर ९.५ टक्के, त्यांच्या नेहमीच्या बँकेचा ८.९. पाच वर्षांत फरक ५२ हजारांचा. बँकेकडून मंजुरीचं पत्र आणून खिशात ठेवलं आणि शोरूमला मात्र सांगितलं की लोन घ्यायचा विचार चाललाय, तुमचा दर किती ते सांगा. पहिल्या दिवशीची कॅशची फुशारकी तेवढ्याने बरीचशी धुऊन निघाली.

आता नवी गाडी. सेल्सचा पोरगा म्हणत होता की जानेवारीत ३ टक्क्यांपर्यंत भाव वाढणार. हे खोटं नव्हतं, त्या नोव्हेंबर-डिसेंबरात ऑडी, बीएमडब्ल्यू, मर्सिडीज तिघांनीही १ जानेवारी २०२५ पासून तेवढी वाढ जाहीर केली होती. पण घाई एकट्या आपल्याला नसते. मी म्हटलं, निळी गाडी बघायची आहे, डिस्प्लेची नाही, आम्हाला देणार तीच. दोन दिवस टाळाटाळ, मग हायवेलगतच्या त्यांच्या यार्डात नेलं.

पत्र्याच्या शेडमध्ये चाळीसेक गाड्या ओळीने उभ्या, आमची तिसऱ्या रांगेत, अंगावर बोटभर धूळ, बोनेटवर मांजराच्या पायांचे ठसे, आत सीटवर प्लास्टिक. ताई हिरमुसली. मी खाली बसून टायर बघितला. टायरच्या कडेला शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. तिथे १६२४ होतं, २०२४ चा सोळावा आठवडा, म्हणजे एप्रिल. दरवाजा उघडून खांबावरचं स्टिकर बघितलं तर गाडी मे २०२४ ची. मीटरवर ४७ किलोमीटर. बॅटरीला बाहेरून चार्जर लावायला लागला तेव्हा कुठे डॅशबोर्ड पेटला. सोबतचा यार्डवाला मामा सहज बोलून गेला, "जूनपासून हितंच हाय ही." सेल्सच्या पोराने त्याच्याकडे असं बघितलं की बिचारा पुढे काही बोललाच नाही.

दाजी पहिल्यांदा हसले. कारण हा हिशोब त्यांच्या घरचा आहे, कोल्ड स्टोरेजमध्ये पडलेला बेदाणा रोज भाडं खातो. डीलरने ही गाडी व्याजाच्या पैशांवर घेतलेली असते. ५० लाख आणि १० टक्के धरा, महिन्याला ४१-४२ हजार, सहा महिन्यांचे अडीच लाख आधीच गेले. त्या वर्षी सणांच्या तोंडावर डीलरांची संघटना, फाडा, ओरडत होती की देशभर ८० ते ८५ दिवसांचा स्टॉक तुंबलाय, ७९ हजार कोटींच्या गाड्या. आणि १ जानेवारी उजाडला की ही गाडी 'गेल्या वर्षीची' होणार, कारण आरसीवर उत्पादनाचा महिना आणि वर्ष छापून येतं आणि पुढे विकताना पहिला प्रश्न तोच असतो. म्हणजे "ब्लूमध्ये एकच पीस" हे वाक्य खरंच होतं, फक्त ते आमच्यापेक्षा त्यांना जास्त टोचत होतं.

शेवटची बैठक २७ डिसेंबरला, शुक्रवार, शोरूमच्या जनरल मॅनेजरच्या, म्हणजे जीएमच्या केबिनमध्ये. ओळींचं काम मी केलं. हँडलिंगचा आधार दाखवा, नाही तर काढा: निघालं. रजिस्ट्रेशन पावतीप्रमाणे घ्या: २,५०० वर आले, दोनशे रुपये वर सोडून दिले. सिरॅमिक नको. एसेन्शियल किटमध्ये काय काय आहे ते वाचून दाखवा म्हटलं तर मॅट, मडफ्लॅप, कीचेन, छत्री. ६२ हजारांची छत्री! किट गेलं, मॅट फुकट आल्या. वॉरंटी आम्हाला पाहिजे होती, या गाड्यांचा एक इलेक्ट्रॉनिक पार्ट गेला तरी लाखाला धक्का बसतो, तिचे ९५ हजार गुपचूप दिले, पण सोबतचा ९० हजारांचा सर्व्हिस पॅक सहा महिने पडून राहिल्याबद्दल फुकट मागितला. जीएमने खालच्या ओठाला पेन लावून थोडा वेळ घेतला आणि तोही दिला.

उरला तो लाल आकडा, आणि इथे दाजी जागे झाले. बैलबाजारात दोघांचे हात रुमालाखाली असतात, बोटं दाबून दर ठरतो, तोंडातून अवाक्षर नाही. दाजींनी कोटेशनचा कागद उलटा केला, त्यावर एक आकडा लिहिला, वर तळहात ठेवला आणि म्हणाले, "साहेब, तुम्ही तुमचा आखरी लिवा, मग मी हात उचलतो." जीएम हसला, म्हणाला सर असं नसतं. दाजी गप्प. त्याने ६३,२० लिहिलं. हात तसाच. एसीचा आवाज ऐकू येत होता. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं तर दाजींनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. दोन मिनिटं गेली असतील, पण केबिनमध्ये दोन मिनिटं म्हणजे फार होतात. जीएम उठून बाहेर गेला, फोन करून आला, ६१,९० लिहिलं. हात तसाच, नुसती मान हलली. मग त्यानेच वैतागून विचारलं, सर, आहे तरी काय खाली? दाजींनी हात उचलला. ६१. आणखी थोडी ओढाताण होऊन ६१,४१,००० वर कागद झाला, म्हणजे ३,७५,००० ची सूट. सूट इनव्हॉइसमध्ये नाही, बिलाबाहेर वेगळ्या क्रेडिट नोटने दिली, त्यामुळे आरटीओ आणि टीसीएस पूर्ण ५४ लाखांवरच गेले. हे मला आधी सुचायला पाहिजे होतं, तेवढी माझी चूक.

अटी दोनच घातल्या: जुनी झालेली बॅटरी बदलून द्यायची, आणि बुकिंगचा लाख रुपयांचा चेक देण्याआधी चासी नंबर, सगळे आकडे आणि 'डिलिव्हरी चुकली तर पैसे परत' हे मेलवर पाहिजे. तोंडी "सर, विश्वास ठेवा" हे वाक्य त्या दिवशी मी पाच वेळा ऐकलं. मेल आला, मग चेक दिला. ३१ ला डिलिव्हरी झाली. मागच्या बंपरला एक बारीक ओरखडा निघाला, उन्हात उभी करून बघितली म्हणून दिसला, शोरूमच्या दिव्यांत दिसला नसता. पॉलिश करून दिला.

नंतर मी हिशोब मांडला. ६७,३८,००० ते ६१,४१,०००, फरक ५,९७,०००. त्यात दाजींच्या तळहाताची कमाई २,२५,००० आणि बाकीचे ३,७२,००० नुसत्या ओळी वाचून. दाजींना हे अजून मान्य नाही, ते सगळीकडे रुमालाचीच गोष्ट सांगतात. आता कुणी म्हणेल सिरॅमिक आणि किट घेतलंच नाही तर ती बचत कसली, आणि ते बरोबरच आहे, ते १,५७,००० बाजूला काढा. तरी जुन्या गाडीचे १,८५,००० आणि व्याजाचे ५२ हजार या कोटेशनमध्ये कुठे दिसतच नाहीत.

मग आलं २२ सप्टेंबर २०२५. जीएसटी बदलला. आमच्यासारख्या एसयूव्ही गटातल्या १५०० सीसीवरच्या मोठ्या गाडीवर २८ अधिक २२ सेस असा ५० टक्के होता, तो सरळ ४० झाला. आमचं मॉडेल जानेवारीत २ टक्क्यांनी वाढून ५५,०८,००० झालं होतं, ते उतरून ५१,४०,००० वर आलं, वर आरटीओ कमी, म्हणजे आम्ही दिलेल्या छापील किमतीपेक्षा जवळजवळ तीन लाख खाली, एकही कॉफी न पिता. मला वाटलं दाजी चिडतील. फोन केला तर म्हणाले, "आणि तवर काय मी बैलगाडीनं फिरायचं हुतं व्हय?"

त्याच आठवड्यात त्या सेल्सच्या पोराने मला नवा रेट पाठवला, कुणी ओळखीचं असेल तर सांगा म्हणून. एक्स शोरूम खरंच उतरलं होतं. खाली लॉजिस्टिक्स अँड हँडलिंग होतं, २८,०००.